वर्तमानपत्रांतील ‘विंचूरकर’

कुलवृत्तांत लिहिणारे गृहस्थ जुन्या वर्तमानपत्रांकडे वळूं लागले आहेत, हें इष्टच आहे. मोडी रुमाल जेथें संपतात तेथें पुष्कळदां हेंच साधन हातीं राहतें. ‘दर्पण’ १८३२ मध्यें, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्यें व ‘केसरी’ १८८१ मध्यें निघाला. परंतु दफ्तरांतील कागदास जी कसोटी आपण लावतों ती या छापील मजकुरास लावलेली क्वचितच आढळते.

आमच्या विंचूरचेंच पाहा. येथील जहागीरदार मूळचे दाणी. पानिपतच्या मोहिमेंतील (१७६१) विठ्ठल शिवदेव वाचकांस परिचित आहेतच. गांवावरून हें घराणें विंचूरकर म्हणवूं लागलें. पण येथून नाशकास किंवा पुण्यास गेलेला भिक्षुक, कारकून, सराफ, कोणीहि तेथें विंचूरकरच होतो. तेव्हां बातमींत नुसतें ‘रा. रा. विंचूरकर’ दिसतांच त्या गृहस्थास दाण्यांच्या वंशवृक्षावर चढविणें सर्वथा अयुक्त होय. पुण्यांतील विंचूरकर वाड्याचा उल्लेख तर याहून फसवा. त्या वाड्यांत टिळक राहत असत व १८९४ मध्यें सार्वजनिक गणपति तेथें बसला. म्हणून टिळकांस कोणी विंचूरकर म्हणणार नाहीं. पण राहणारा अप्रसिद्ध असला कीं हेंच अनुमान वंशावळींत निमूटपणें शिरतें. नैयायिकांचा व्यभिचारी हेतु तो हाच.

कालनिर्णयांत मात्र हें साधन फार मोलाचें आहे. घरोघर श्राद्धतिथि सांभाळलेली असते. तींत मास, पक्ष व तिथि मिळते, वर्ष लोपलेलें असतें. पत्रांत वर्ष मिळतें व ‘गेल्या मंगळवारीं’ अशा शब्दांनीं वारहि मिळतो. (पत्राच्या माथ्यावरील तारीख छपाईची, मृत्यूची नव्हे.) दोहोंचा मेळ जंत्रीवरून घालावा व अधिकमास तपासावा. एका दिवसाचें अंतर पडल्यास लगेच बातमी खोटी मानूं नये. पंचांगांत वारापुढें सूर्योदयाची तिथि असते, श्राद्धास मृत्युसमयींची घेतात. हा भेद विसरून मीं एका स्नेह्याच्या पणजोबांची निधनवार्ता दुसऱ्या कोणाची म्हणून बाजूस सारली होती. पुढें नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वहींत अस्थि घेऊन आलेल्या मुलाची सही त्याच आठवड्याची निघाली. स्नेही तोंवर निवर्तले होते, आणि छापलेल्या कुलवृत्तांतांत पणजोबांच्या नांवापुढें रिकामी जागा राहिली ती राहिलीच.

दत्तकाची गोष्ट निराळी. तेथें पत्रांत बहुधा नव्या बापाचेंच नांव येतें, जनककुल शोधण्यास दत्तकपत्रच पाहिलें पाहिजे.

संग्राहकांविषयीं एक तक्रार आहे. ते हवा तेवढाच मजकूर कातरतात व उरलेलें पत्र रद्दींत घालतात. १८६७ च्या कायद्यानें पत्रावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव आणि स्थळ घालणें भाग झालें. ती ओळ बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशीं असते व कात्रीखालीं प्रथम तीच जाते. माझ्यापुढें आतां एका विंचूरकरांच्या लग्नाचें असेंच कात्रण आहे. माथा नाहीं, तळ नाहीं. पाठीमागें कसल्याशा औषधाच्या जाहिरातीचा अर्धा तुकडा तेवढा आहे.