पुलावरचा रोलिन्स आणि आपली रियाजकथा

सनी रोलिन्सची गोष्ट मी व्याख्यानांतून अनेकदा सांगितली आहे. वय अवघं अठ्ठावीस, टेनर सॅक्सोफोनवर त्याच्या तोडीचे वादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि १९५९ साली हा माणूस मैफली, ध्वनिमुद्रणं सगळं थांबवतो आणि दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटा वाजवत राहतो. एवढं सांगितलं की पुढचं आपला श्रोता स्वतःच भरतो. चिल्ला, पहाटेचा खर्ज, गुरुगृहीची भांडी. माना डोलतात. या डोलण्याला मी खतपाणी घातलं, याचा आता पस्तावा होतो. कारण तबकड्या ऐकायला बसलं की ही गोष्ट टिकत नाही.

तपाच्या गोष्टीत शेवटी सिद्धी लागते. रोलिन्स पुलावर असताना ऑर्नेट कोलमननं न्यूयॉर्कमध्ये खळबळ उडवून दिली होती आणि कोल्ट्रेन रोज पुढे सरकत होता. दोन वर्षं गायब झालेला रोलिन्स त्याहून अचाट काही घेऊन येणार, अशी अपेक्षा होती. १९६२ साली ‘द ब्रिज’ आली. तीत जिम हॉलची मऊ गिटार, बरीचशी ओळखीची जुनी गाणी. अनेकांची निराशा झाली. मग तो पुलावर गेला होता कशाला?

थोडं मागे जायला हवं. रोलिन्सचा जन्म १९३० चा, हार्लेममधला. आईवडील व्हर्जिन बेटांवरून आलेले. विशीत हेरॉइन, सशस्त्र दरोड्याच्या प्रकरणात तुरुंग, मग १९५५ मध्ये लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्ती. तिथून बाहेर पडल्यावर क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली. २२ जून १९५६ रोजी ‘सॅक्सोफोन कोलॉसस’चं ध्वनिमुद्रण झालं. चारच दिवसांनी क्लिफर्ड ब्राउन मोटार अपघातात गेला.

या तबकडीतलं ‘ब्लू सेव्हन’ अकरा मिनिटांहून थोडं मोठं आहे. आधी डग वॉटकिन्सचा बास एकटाच चालत येतो. मग रोलिन्स मोजक्या स्वरांचे तुटक तुकडे टाकतो, मध्ये भरपूर मोकळी जागा सोडून. १९५८ मध्ये संगीतकार गुंथर शुलर यानं ‘द जाझ रिव्ह्यू’त या वादनावर दीर्घ लेख लिहिला. हे नुसतं सुचेल ते वाजवणं नाही. सुरुवातीचाच तुकडा कापत, वाढवत, उलटवत सगळी इमारत उभी राहिली आहे, हे त्यानं स्वरलिपी मांडून दाखवलं. जाझवरचा हा लेख आजही पाठ्यग्रंथासारखा वाचला जातो.

आपल्याला इथे मुखड्याभोवतीची बढत आठवावी, हे साहजिक आहे. मीही तसं लिहिलं होतं. पण रागाची वाट गायकाला आणि श्रोत्याला आधीपासून ठाऊक असते. रोलिन्सपाशी त्या दिवसाचा तो तुकडा आणि ब्लूजची चौकट, एवढंच होतं. शिवाय आपण असं काही करतो आहोत, हे त्याच्या मनातही नव्हतं. शुलरचा लेख वाचून आपण अवघडलो, असं त्यानं पुढे सांगितलं, आणि स्वतःवरची परीक्षणं वाचणं सोडलं. समीक्षेचा धंदा करणाऱ्यानं हे वाक्य टेबलासमोर चिकटवून ठेवावं. लेख चुकीचा असता तर बरं झालं असतं. तो बरोबर होता.

त्या लेखामुळे रोलिन्स पुलावर गेला, असं मी म्हणणार नाही. कीर्ती जितकी झाली तितकं आपलं वाजवणं आपल्याला पटत नाही, हे कारण त्यानं स्वतःच दिलं आहे. दुसरं कारण साधं होतं: शेजारची बाई गरोदर होती आणि सॅक्सोफोनचा आवाज मोठा. पुलावर रेल्वेची धडधड, खाली ईस्ट नदीतल्या बोटींचे भोंगे. तिथे कितीही जोरानं फुंका, कोणी हटकत नाही. पण आता मला वाटतं, तो तिथे काही मिळवायला जितका गेला, तितकाच काही टाकायलाही गेला असावा. इतरांनी वर्णन करून ठेवलेला रोलिन्स.

हे डोक्यात ठेवून ‘द ब्रिज’ पुन्हा ऐकली. पहिलंच गाणं ‘विदाउट अ साँग’. धून तो जवळजवळ सरळ वाजवतो, तुकड्यांची कारागिरी दाखवण्याची घाई नाही. हॉलला वाट देतो, त्याचं ऐकून घेतो. निराश झालेल्यांच्या यादीत मी होतो. नाव काढून घेतो.

मुंबईकराला पवईचाही मोह असतो. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात रोलिन्सनं पुन्हा वाजवणं थांबवलं आणि पवईत स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिला, हे खरं. पण तिथे तो योग आणि वेदान्तासाठी आला होता. परतल्यावरच्या वादनात राग शोधणारे दमतील. तिथे कॅलिप्सो आहे, आईच्या बेटांवरचं.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जागतिक व्यापार केंद्राजवळच्या त्याच्या घरातून त्याला बाहेर काढलं, तेव्हा हातात सॅक्सोफोन होता. हल्ल्यानंतर चार दिवसांनी बॉस्टनला मैफल होती. ती रद्द करायचं त्याच्या मनात होतं. पत्नी ल्युसिलनं आग्रह धरला. त्या मैफलीच्या तबकडीची सुरुवातही ‘विदाउट अ साँग’नंच होते. सोळा मिनिटांहून अधिक. एकाहत्तर वर्षांचा माणूस त्याच धुनेपाशी परत परत येतो, आणि शुलरनं दाखवलेली ती जुनी सवय इथे निःसंकोच ऐकू येते.