‘अनटचेबल’ म्हणजे अजिंक्य?

आमच्या मुलांना इंग्रजी वाक्प्रचार कळत नाहीत, ही प्राध्यापकांची जुनी तक्रार. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ‘किक द बकेट’ म्हणजे बादलीला लाथ मारणे असे लिहितो आणि वर्ग हसतो. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ‘मरणे’ हा अर्थ गाइडातूनच पाठ केलेला असतो, हे सोडून देऊ. असे वाक्प्रचार पाठच करावे लागतात. पण काही शब्द असे आहेत की, तिथे आमचा विद्यार्थी अडखळतो तो अज्ञानामुळे नव्हे. त्याला जास्त कळते म्हणून.

‘अनटचेबल’ हा शब्द घ्या. बाबासाहेबांचा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ १९४८ सालचा. अस्पृश्य मूळचे कोण आणि ते अस्पृश्य का ठरले, याचा तो शोध आहे. १९५७ साली अमेरिकेत याच नावाचे दुसरे पुस्तक निघाले. त्यात शिकागोच्या अल कपोनच्या टोळीमागे लागलेल्या सरकारी अधिकाऱ्यांची हकिकत आहे. ते लाच घेत नाहीत, म्हणून ‘अनटचेबल’! त्यावर टेलिव्हिजन मालिका झाली, १९८७ साली चित्रपट आला. क्रीडापानावर तर सलग जिंकणारा खेळाडूही ‘अनटचेबल’ असतो. पाणवठ्यावर आजोबांना जो शब्द लागला, त्यानेच टेनिसपटूचा गौरव? विद्यार्थी थबकतो, आणि त्याने थबकलेच पाहिजे. कोण कोणाला शिवत नाही आणि कोणाच्या हुकमाने, हे तो इंग्रजी शब्द सांगतच नाही. अधिकारी आपल्या बळावर हाती लागत नाही. माणूस दुसऱ्याच्या धर्मामुळे विटाळ ठरतो. मराठीने या दोन गोष्टी एका शब्दात कधी कोंबल्या नाहीत.

‘परायाह’ची कथा याहून वाईट. हा शब्द तमिळनाडूतील परैयर या जातीचे नाव. परै म्हणजे ढोल. तो वाजविणारे ते परैयर, अशी व्युत्पत्ती कोशात सापडते. सतराव्या शतकात हे नाव इंग्रजीत गेले आणि पुढे वाळीत टाकलेल्या कोणालाही लावले जाऊ लागले. मॅक्स वेबरने ते ज्यूंना लावले. वर्तमानपत्रे आता निर्बंध लादलेल्या देशांना लावतात. रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्यालाही इंग्रजांनी हेच नाव दिले. जिवंत माणसांच्या जातीचे नाव शिवी म्हणून जगभर फिरते, आणि गाइडात समोर अर्थ असतो फक्त ‘बहिष्कृत’. ढोल गेला, माणसेही गेली.

तिसरे उदाहरण ‘बियाँड द पेल’. पेल म्हणजे कुंपणाची मेख, पुढे कुंपणच. आयर्लंडमध्ये डब्लिनभोवतालच्या इंग्रजी अमलाच्या मुलखालाही ‘पेल’ म्हणत. त्यापलीकडचे आयरिश इंग्रजांच्या लेखी रानटी. गाइड सांगते : ‘सभ्यतेच्या मर्यादेबाहेर’. एखाद्या मुलाने उत्तरपत्रिकेत ‘गावकुसाबाहेर’ लिहिले तर परीक्षक गुण कापील. नियमाने ते बरोबरही आहे, कारण इंग्रजी वाक्प्रचारात वर्तन कुंपणाबाहेर असते आणि आमच्याकडे माणूस. तरीही त्या मुलाने शब्दाची मेख नेमकी पकडलेली असते. हा वाक्प्रचार कुंपणाच्या आतल्यांनी घडवला, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

उलट बाजूने पाहा. ‘गावकूस’ इंग्रजीत नेताना ‘व्हिलेज वॉल’ म्हटले की उरते नुसती मातीची भिंत.