मातीची ओल आणि संगणकीय प्रतिमाने : उज्जैनच्या काळ्या जमिनीच्या संदर्भात एक चिकित्सा

जगभरच्या जमिनीत किती ओल आहे हे सांगणारी अनेक संगणकीय प्रतिमाने आज उपलब्ध आहेत. त्यांची परस्परांशी तुलना करणाऱ्या उपक्रमांत 'ग्लोबल सॉईल वेटनेस प्रोजेक्ट' या प्रकल्पाचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात 1986 ते 1995 या दहा वर्षांसाठी डझनभर प्रतिमानांना पाऊस, तापमान व सूर्यप्रकाश यांची एकच माहिती पुरवण्यात आली आणि त्यांची उत्तरे ताडून पाहण्यात आली. पॉल डर्मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की, सर्व प्रतिमानांची सरासरी ही सुट्या प्रतिमानांपेक्षा सामान्यतः अधिक विश्वसनीय ठरते. एकाची चूक दुसऱ्याच्या उलट चुकीने भरून निघते, हे त्यामागील कारण होय. परंतु जी चूक सर्वांचीच असेल ती सरासरीने कशी भरून निघणार? उज्जैनच्या परिसरात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो.

माळव्याची जमीन काळी, चिकण व खोल आहे. एप्रिल-मे महिन्यांत तिला रुंद भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांवाटे थेट खाली जाते. माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी मुरू देत नाही आणि शेतात पाणी तुंबते. बहुतेक जागतिक प्रतिमानांत माती मात्र न हलणारी, न फाटणारी मानलेली असते. दुसरी बाब सिंचनाची. सोयाबीनचा प्रसार होण्यापूर्वी माळव्यातील पुष्कळशी काळी जमीन पावसाळ्यात पड ठेवून, साठलेल्या ओलीवर रब्बीचे पीक घेतले जाई. आता खरिपात सोयाबीन आणि त्यानंतर नलकूपांच्या पाण्यावर गहू, असा क्रम रूढ झाला आहे. ज्या प्रतिमानाला केवळ पाऊसच ठाऊक आहे, त्याच्या हिशेबी जानेवारीतील शेत कोरडे असते. प्रत्यक्षात तेथे हिरवा गहू उभा असतो. बहुतेक प्रतिमाने सिंचन वगळत असतील तर त्यांचे एकमत हा पुरावा ठरत नाही. शिवाय प्रकल्पातील चौकोन एक अंशाचा, म्हणजे बाजू सुमारे शंभर किलोमीटर. एवढ्या जागेत उज्जैन, देवास आणि इंदूर ही तिन्ही शहरे सहज मावतात.

याहून मूलभूत अडचण 'ओल' या संज्ञेचीच आहे. मराठी शेतकरी 'वाफसा' म्हणतो आणि पंजाबकडील उर्दू शेतीलेखनात 'वतर' हा शब्द येतो. दोन्ही शब्द पाण्याचे प्रमाण सांगत नाहीत. नांगरणी-पेरणीस योग्य अशी जमिनीची अवस्था सांगतात. उर्दूतील 'नमी' मात्र हवेची, डोळ्यांची आणि मातीची अशी सर्वांचीच. प्रतिमानांची 'ओल' या दोहोंहून निराळी आहे. रँडल कोस्टर व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये स्पष्टपणे दाखवले की, प्रतिमानातील ओल ही मोजता येणारी राशी नसून त्या त्या प्रतिमानापुरता निर्देशांक असते. त्यातील चढउतार अर्थपूर्ण असतो, निव्वळ आकडा नव्हे. ही कबुली प्रामाणिक आहे, पण नकाशे वापरणाऱ्यांपर्यंत ती पोहोचलेली दिसत नाही.

उज्जैनच्या वेधशाळेचा दाखला येथे अप्रस्तुत ठरू नये. सवाई जयसिंगाच्या काळात उलुग बेगची जुनी कोष्टके आणि युरोपातून आलेली ला हिरची कोष्टके दोन्ही उपलब्ध होती. फारसीतील 'जीज-ए-मुहम्मदशाही'च्या प्रस्तावनेतून दिसते की, जयसिंगाने कोष्टकांची आपसात सरासरी काढली नाही. ती आकाशाशी ताडली. ला हिरच्या कोष्टकात चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक आढळला. दिल्लीतील वेधांची खातरजमा व्हावी म्हणून अन्य शहरांत वेधशाळा उभारल्या गेल्या, त्यांपैकी उज्जैनची एक.

मातीच्या बाबतीत असे वेध फार थोडे आहेत. 2015 मध्ये सोडलेला स्मॅप उपग्रह वरच्या सुमारे पाच सेंटिमीटर थराचीच ओल टिपतो, तर गव्हाची मुळे त्याच्या कितीतरी खाली जातात. केंद्र सरकारच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत मातीतील ओलावा हा एक निकष आहे. म्हणजे हा आकडा कोठून आला, यावर तालुक्याला दुष्काळी ठरवण्याचा निर्णय काही अंशी अवलंबून राहतो. अशा वेळी प्रतिमानांच्या सरासरीवर विसंबणे धोक्याचे आहे.

वास्तविक मोजणीची मूळ पद्धत साधी आहे. मातीचा नमुना तोलावा, 105 अंश सेल्सिअसला चोवीस तास भट्टीत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. तराजू व भट्टी अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असते. नमुन्यासोबत खोली, तारीख, उभे पीक आणि शेवटचे पाणी कधी दिले, एवढ्या नोंदी ठेवल्या तर माळव्यातील दोन-तीन हंगामांतच प्रतिमानांच्या हिवाळी आकड्यांची परीक्षा घेता येईल.