युद्धकाळातील क्रीडा आणि ‘मनोधैर्य’ : एका गृहीताची तपासणी

युद्धकाळात महाविद्यालयीन खेळांनी तरुणांचे मनोधैर्य टिकविले, हे विधान क्रीडाविषयक लेखनात जवळजवळ सिद्धान्ताप्रमाणे वावरते. मात्र मनोधैर्य कोणाचे आणि कशासाठी, हा प्रश्न त्यात विचारलेला नसतो. पुण्याच्या संदर्भात तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

स्वारगेटहून टिळक रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर सर परशुरामभाऊ महाविद्यालय लागते. (स्वारगेटलगतचे नेहरू क्रीडांगण स्वातंत्र्योत्तर काळातले असल्याने त्याचा येथे विचार नाही.) या महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन केलेल्या प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. इंग्लंडातील कौंटी स्पर्धा त्या वेळी बंद होती आणि इकडे पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा एक प्राध्यापक मुंबईविरुद्ध २४६ धावा काढीत होता! या यशाने पुणेकर विद्यार्थी हरखला असेल, यात शंका नाही. परंतु व्हाइसरॉयने हिंदी जनतेस न विचारता तिला ज्या युद्धात ओढले, त्या युद्धाच्या हिशेबी हा आनंद जमा करणे आम्हांस मान्य नाही. मुंबईच्या संपन्न जिमखान्यांपुढे पुण्याचे खेळाडू उणे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असावा.

डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी पंचरंगी सामन्यांविषयी दिलेले मत येथे महत्त्वाचे ठरते. युरोपात युद्ध पेटले असता आणि सत्याग्रही तुरुंगात असता असे सामने बंद व्हावेत, याकडे त्यांचा कल होता. पण त्यांचा मुख्य आक्षेप धर्मवार संघांवर होता. महाविद्यालयांचे व संस्थांचे परस्परांतील सामने आपण समजू शकतो, असे त्यांनी स्पष्ट केले. हा भेद अभ्यासकांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. खेळ दुःखाच्या काळात चालावा की नाही, यापेक्षा तो कोणत्या नात्याने माणसे एकत्र आणतो, ही कसोटी त्यात आहे.

१९४२ मध्ये पंचरंगी सामने झालेच नाहीत. त्या वर्षी वर्ग सोडून चळवळीत उतरलेल्या विद्यार्थ्याचे धैर्य धावफलकावर कसे मोजणार? उलट, १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून नाबाद २४९ धावा करणारा डेनिस कॉम्प्टन हा हिंदुस्थानात आलेला ब्रिटिश सैनिक होता. त्याच्या दृष्टीने तो सामना युद्धातील विसावा असेलही. कडेला बसलेल्या हिंदी विद्यार्थ्याला मात्र त्यात निराळेच काही दिसत असणार. एकाच मैदानावर दोन मनोधैर्ये नांदत होती, आणि रूढ विधान त्यांपैकी पहिल्याचीच दखल घेते.

पुढे चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती सक्ती उठली. या वेळी युद्ध आपले होते, तरीही कवाईत अंगी मुरली नाही, हे ध्यानात घ्यावे. या दोन कालखंडांची तुलना करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने धावसंख्यांच्या कोष्टकांत फार काळ रमू नये. महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांतील जिमखान्याची वृत्ते आणि त्याच सत्रांचे हजेरीपट त्याने शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. १९४२ च्या पहिल्या सत्रापासून आरंभ करणे सोयीचे होईल.