तीन चाव्या आहेत, पण कुलूप कुठलं?

आपल्या पिंप्राळ्यातले कितीतरी लोक सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. लॉकरला दोन चाव्या लागतात, एक आपली, एक बँकेची. आपली हरवली, तर खर्च घेऊन बँक लॉकर तोडून देते. बिटकॉइनचं मल्टिसिग वॉलेट समजावताना हाच दाखला हमखास देतात. आमची हरकत इथेच आहे. त्या वॉलेटला तोडून देणारं कुणी नसतं.

नुसत्या चाव्या वाढवून सुरक्षा वाढत नाही, हे मुंबईच्या वझीरएक्सनं दाखवलं. 18 जुलै 2024 ला त्यांच्या मल्टिसिग वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची मालमत्ता गेली. सहा सहीदार होते, चार सह्या लागत, तरीही गेली. तिथे घोळ सह्यांचा होता. घरगुती वॉलेटमध्ये घोळ होतो तो बॅकअपचा.

प्रचलित सल्ला काय सांगतो? 'तीनपैकी दोन' वॉलेट करा. तिन्ही सीड फ्रेज, म्हणजे 12 किंवा 24 शब्दांच्या याद्या, तीन ठिकाणी ठेवा. एक घरी, एक जळगावच्या लॉकरमध्ये, एक पुण्याला मुलीकडे. एक गेली तरी दोन उरतात, झालं! ऐकायला छान आहे, पण अर्धवट आहे.

नेहमीच्या मल्टिसिगमध्ये पत्ता तिन्ही सार्वजनिक चाव्या मिळून तयार होतो. खर्चाला सह्या दोनच लागतात, पण पत्ता ज्या नियमातून बनला तो नियम पूर्ण मांडावा लागतो, आणि त्यात तिसरी सार्वजनिक चावीही असते. समजा पुण्याची यादी हरवली आणि तिची सार्वजनिक चावी कुठेच उतरवलेली नाही. मग हातात दोन याद्या असूनही आपले पत्ते कोणते, हेच काढता येत नाही. पैसे आहेत तिथेच राहतात, आपले मात्र राहत नाहीत.

म्हणून प्रत्येक यादीसोबत वॉलेटची मांडणीही ठेवायची: तिन्ही एक्सपब, 'तीनपैकी दोन' हा नियम, पत्त्याचा प्रकार आणि डेरिव्हेशन पाथ. स्पॅरोसारखं सॉफ्टवेअर ही माहिती फाइलमध्ये काढून देतं. ती चोराला सापडली तर त्याला शिल्लक दिसेल, पैसे काढता येणार नाहीत. दोन याद्या मात्र एका जागी कधीच नकोत. शब्दांचा फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅप तर नकोच.

कागदाचंही बघा. आपल्याकडचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेनं पुसट होतात, साध्या कागदाला वाळवी लागते. शब्द स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्या.

आणि तालीम करा. मोठी रक्कम टाकण्याआधी थोडे पैसे टाका. मग कोऱ्या उपकरणांवर दोनच याद्या आणि मांडणी घेऊन वॉलेट परत उभं करा, त्यातून पैसे पाठवून बघा. पुढे दरवर्षी, आषाढीला पिंप्राळ्याचा रथ निघतो त्या आठवड्यात, तिन्ही जागा तपासा. काय कुठे आहे आणि काय करायचं, हे घरच्यांसाठी साध्या मराठीत लिहून ठेवा. आपल्यामागे ते वॉलेट त्यांनाच उघडायचं आहे.

आता प्रश्न घेऊ.