दाहाची प्रतिमा आणि प्रत्यक्ष दाह

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराचे पहिले पद्धतशीर विवेचन पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी १८६८ साली केले. मेंदूतील ज्या चट्ट्यांवरून त्यांनी हा विकार निश्चित केला, ते रुग्णाच्या मृत्यूनंतरच पाहावयास मिळत. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चट्टे एमआरआयच्या साहाय्याने जिवंत रुग्णाच्या मेंदूत दाखविले, आणि पुढे त्याच दशकात गॅडोलिनियम या धातूच्या संयुगांचा उपयोग सुरू झाल्यावर नवे चट्टे जुन्यांपासून वेगळे ओळखता येऊ लागले. या प्रगतीचे मोल निर्विवाद आहे. तथापि तिच्याबरोबर ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ असे जे दोन शब्द रूढ झाले, त्यांची चिकित्सा होणे अवश्य आहे.

मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतींमधील पेशी परस्परांशी इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की रक्तातील गॅडोलिनियम-संयुग एरवी मेंदूत शिरू शकत नाही. विकाराच्या आरंभी रक्तातील लसीकापेशी हा अडसर ओलांडून आत येतात, अडसर शिथिल होतो, संयुग झिरपते आणि तो चट्टा प्रतिमेत उजळून दिसतो. हा उजाळा बहुधा काही आठवडेच टिकतो. तेव्हा प्रतिमा जे सांगते ते इतकेच, की या ठिकाणी, या घडीला, अडसर उघडा आहे. त्यावरून तेथे दाह आहे असे अनुमान बव्हंशी यथार्थ ठरते. परंतु जेथे उजाळा नाही तेथे दाहही नाही, हे त्याच्या उलट बाजूचे अनुमान मात्र कोणत्याही न्यायाने निष्पन्न होत नाही.

विकृतिशास्त्राचा पुरावाही त्याच्या विरुद्ध जातो. मेंदूच्या बाह्यकातील अनेक चट्टे साध्या एमआरआयमध्ये दिसतच नाहीत. मस्तिष्कावरणातील दाह बहुतांशी नजरेआड राहतो. काही जुन्या चट्ट्यांच्या कडेला लोहयुक्त मायक्रोग्लिया-पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात आणि असे चट्टे हळूहळू पसरत जाऊ शकतात. ही कड विशिष्ट चुंबकीय पद्धतीने काळी दिसते, गॅडोलिनियमने मात्र उजळत नाही. म्हणजे अडसर मिटल्यावरही आतील दाह चालू राहू शकतो.

ही उणीव पेट या किरणोत्सारी पद्धतीने भरून निघेल अशी आशा होती. तीत टीएसपीओ या प्रथिनाला चिकटणारे द्रव्य रुग्णास टोचतात व मायक्रोग्लियाची उत्तेजित अवस्था मोजली असे मानतात. येथेही शब्द वस्तूच्या पुढे धावला आहे. हे प्रथिन इतर पेशींतही असते. पीके-११९९५ या पहिल्या द्रव्याचा संकेत क्षीण होता. नंतरच्या द्रव्यांचे बंधन एका जनुकीय भेदावर अवलंबून असल्याने प्रत्येक व्यक्तीची जनुकीय तपासणी आधी करावी लागते. शिवाय उंदराच्या मायक्रोग्लियात उत्तेजनेने वाढणारे हे प्रथिन मानवी मायक्रोग्लियात तसे वाढत नाही, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्यामुळे मानवी मेंदूतील संकेत पेशींच्या उत्तेजनेपेक्षा त्यांची दाटी दर्शवितो, असे मानण्यास सबळ आधार मिळाला आहे.

हा वाद केवळ शब्दांचा आहे असे कोणी म्हणेल. वस्तुतः तो रुग्णाच्या भवितव्याचा आहे. एखाद्या तरुण स्त्रीची दृष्टी नेत्रतंत्रिकेच्या दाहाने प्रथमच मंदावते, तिची प्रतिमा काढली जाते आणि अहवालात ‘सक्रिय दाह नाही’ असे लिहिले जाते. त्या तीन शब्दांच्या भरवशावर उपचार लांबणीवर पडण्याचा संभव असतो. उलटपक्षी, अर्धशिशी किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार यांमुळे उमटणारे ठिपके या विकाराचे मानले गेल्यास निष्कारण वर्षानुवर्षे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात. २०२४ च्या सुधारित मॅकडोनल्ड निकषांत चट्ट्याच्या मध्यभागी दिसणारी शीर आणि लोहाची कड या खुणांना स्थान मिळाले, ते या दृष्टीने स्वागतार्ह होय.

गॅडोलिनियमच्या बाजूने एक गोष्ट प्रांजळपणे सांगावयास हवी. नव्या औषधांची परीक्षा त्याच्याच आधारे त्वरेने होऊ शकली, आणि प्रभावी औषधांनी उजळणारे चट्टे जवळजवळ नाहीसेही होतात. पण त्याच रुग्णांपैकी काहींचे अपंगत्व, नवा झटका न येताही, हळूहळू वाढत जाते. त्यात तंतूंच्या ऱ्हासाचा भाग किती व झाकलेल्या दाहाचा किती, हा प्रश्न खुला आहे. उजाळा म्हणजेच दाह असे धरून चालल्यास हा प्रश्न उपस्थितच होणार नाही, आणि हाच या समीकरणाचा सर्वांत मोठा दोष होय.

म्हणून अहवालात अनुमानाऐवजी निरीक्षण नोंदविले जावे. ‘चट्टा निष्क्रिय आहे’ यापेक्षा ‘चट्ट्यात गॅडोलिनियम झिरपलेले नाही’ हे वाक्य अधिक लांब आहे खरे, परंतु प्रतिमेत जेवढे दिसले तेवढेच ते सांगते.