‘सामायिक’ टर्मिनल : एक अर्थचिकित्सा

आज्ञा टंकून संगणक चालविण्याचे टर्मिनल ब्राउझरमधून इतरांस खुले करणाऱ्या ‘गोटीटीवाय’ (२०१५) या आज्ञावलीसंबंधी ‘शेअर’साठी ‘सामायिक’ हा प्रतिशब्द योजणे सदोष होय. सामायिक विहिरीवर प्रत्येक भागीदारास उपशाचा हक्क असतो. येथे चालकाने मुद्दाम परवानगी दिल्यावाचून आगंतुकास केवळ पाहता येते. तीही त्याच्यापुरती निराळी सुरू झालेली प्रक्रिया. ‘टीमक्स’सारख्या साधनाची जोड दिली, तरच सर्वांपुढे एकच टर्मिनल येते. उलटपक्षी, लेखनाची परवानगी मिळताच आगंतुकाची आज्ञा चालकाच्याच अधिकारात पाळली जाते. आज्ञा कोणाची, हे यंत्र ओळखत नाही. नसलेला हक्क सुचविणारा आणि असलेली जोखीम झाकणारा शब्द परिभाषेत नसावा. ‘टर्मिनल दाखविणे’ व ‘टर्मिनल हाती देणे’ असा भेद करणेच युक्त ठरेल.